बाबांची स्वस्तातली काडतुसं

इतर घरांत बाप-लेकीची भांडणं लग्नावरून होतात, नोकरीवरून होतात, फार तर मोबाइलवरून. आमची काडतुसांवरून व्हायची. बाबा ठाण्याच्या नौपाड्यातल्या एका सहकारी बँकेच्या शाखेत बंदूकधारी रखवालदार, आणि मी डोंबिवलीतल्या शाळेत विज्ञान शिकवणारी बाई, जी रविवारी सकाळी क्लबात जाऊन रायफल चालवते. घरात बंदुकीतलं कळणारी माणसं दोनच, आणि समोरच्याला काही कळत नाही यावर दोघांचंही एकमत.

माझं म्हणणं साधं होतं. स्वस्त काडतूस ऐन वेळी दगा देतं. हे मी पुस्तकात वाचून म्हणत नव्हते, सोसून म्हणत होते. आमच्या क्लबात पॉइंट टू-टूच्या दोन रायफली आहेत. एक आपली इथलीच, रंग उडालेली, दस्ता दोनदा सांधलेला. तिच्यात काहीही घाला, मुकाट्यानं उडवते. दुसरी परदेशी, देखणी, आणि दिवाळसणाला आलेल्या जावयासारखी. जरा कमी प्रतीचं समोर आलं की रुसलीच. जिल्ह्याच्या स्पर्धेत मला ही दुसरी मिळाली आणि क्लबानं काटकसर म्हणून स्वस्तातला डबा दिला. दहातली तीन काडतुसं उडालीच नाहीत. चाप ओढला की नुसतं खट्. मग श्वास सोडा, अर्धं मिनिट तसंच पडून राहा, काडतूस काढा, जरा फिरवून पुन्हा घाला. पदक शेजारच्या मुलीनं नेलं आणि मी त्या दिवसापासून स्वस्त काडतुसांवर डूख धरला. उरलेला डबा नंतर आमच्या रंग उडालेल्या रायफलीत एकही खट् न होता संपला, हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं. पण पदक गेल्याचा राग इतका होता की त्या पाहण्याचा काही उपयोग झाला नाही.

बाबांची बंदूक बारा बोअरची, दुनळी, माझ्या आजोबांची. आम्ही ठाण्याच्याच बाळकुमचे. आजोबांचं भात खाडीच्या बाजूला होतं, आणि येऊरच्या डोंगरातून रानडुकरं उतरून ते लोळवायची, म्हणून हे लायसन्स. आता त्या भातात बत्तीस मजले उभे आहेत आणि आजोबा जिथे मचाण बांधायचे तिथे पोहण्याचा तलाव आहे. डुकरं गेली, भात गेलं, बंदूक तेवढी बाबांच्या नावावर झाली. पुढे बँकेनं रखवालदार नेमायला घेतला तेव्हा अट एकच होती, स्वतःची बंदूक हवी. बाबा म्हणतात, नोकरी बंदुकीला लागली, मी आपला तिला धरायला गेलो. तेव्हा मी सात वर्षांची होते. आज चौतीस पूर्ण आहेत.

लायसन्सवर काडतुसं दहा. दोन नळ्यांत, आठ पट्ट्यात. आणि ती कायम दुकानातली सर्वांत स्वस्त. मी प्रत्येक वेळी तोंड सोडायची.

“बाबा, प्रेशर कुकरची शिट्टीसुद्धा तुम्ही चांगल्या कंपनीची आणता. ही तर काडतुसं आहेत.”

“कुकर रोज लावतो आपण. बंदूक कवा उडवलीय?”

“पण उडवायची वेळ आली तर? नाही उडली तर?”

“नाय उडली तर नाय उडली,” बाबा म्हणायचे आणि चहाचा कप खाली ठेवायचे. म्हणजे विषय संपला. मला वाटायचं, हा अडाणीपणा आहे. सातवीच्या मुलांना मी ज्या आवाजात समजावते त्याच आवाजात त्यांना पुन्हा समजवायची, आणि ते खिडकीतून बाहेर बघत बसायचे.

एका गोष्टीची मात्र मला गंमत वाटायची. नळ्यांतली ती दोन काडतुसं बाबा कधी बदलायचे नाहीत. पट्ट्यातली आठ काढून पुसायचे, उन्हात ठेवायचे, जागा बदलायचे. ती दोन वेगळी, रुमालात. संध्याकाळी घरी आले की काढून रुमालात, सकाळी रुमालातून परत नळ्यांत. “ही दोन माजी,” म्हणायचे. मी समजायची, माणसाच्या काही खोडी असतात.

आता दसऱ्याचं सांगायला हवं. आमच्याकडे दसऱ्याला बंदुकीची पूजा. पाटावर लाल कापड, त्यावर बंदूक मधून, बिजागरीवर मोडून उघडी ठेवलेली, पुढ्यात दहा काडतुसं ओळीनं, झेंडूचा हार, नारळ. पूजेचा मान माझा. आजोबांनीच ठरवून दिलेलं, घरातल्या पोरीचा हात लागला पाहिजे. बंदूक उघडी असली की आत एक सपाट लोखंडी भिंत दिसते आणि तिच्यात दोन बारीक छिद्रं. सात वर्षांच्या मला ते बंदुकीचे डोळे वाटले होते. म्हणून मी दोन्ही डोळ्यांवर हळद, त्यावर कुंकू, त्यावर अक्षता, आणि मग वरून खोबरेल. आई आतून ओरडायची, “तेल सढळ हातानं घाल गो, वर्साचा दिस हाय.” मी घालायची. लग्न होऊन डोंबिवलीला गेले तरी एकही दसरा चुकवला नाही. नवऱ्याला सांगितलेलं, सोनं तुझ्या आईला तू दे, मी बंदुकीला जाते.

पूजा झाली की बाबा कापडानं बंदूक पुसायचे, नळ्यांतून गज फिरवायचे आणि ठेवून द्यायचे. नळ्या आरशासारख्या लखलखीत. आतला कुलपाचा, म्हणजे चापामागच्या यंत्राचा भाग मात्र कधी उघडायचा नाही. परक्याचा पेचकस माझ्या बंदुकीला लागता कामा नये, असं आजोबा सांगून गेले होते.

आमच्या घराची एकमेव शौर्यकथाही या बंदुकीचीच. नऊ वर्षांपूर्वीची. भर दुपारी बँकेत गर्दी असताना एक माणूस हातात कोयता घेऊन धावत आत शिरला. बायका किंचाळल्या, कॅशियर काउंटरखाली गेला. बाबांनी बंदूक उचलून नेम धरला आणि तेवढ्यात त्यांनी माणूस ओळखला. तो बँकेबाहेरचाच शहाळेवाला. पालिकेची गाडी हातगाड्या उचलायला आली होती, हा शहाळं सोलता सोलता घाबरून पळाला आणि हातातला कोयता ठेवायचा विसरला. बाबांनी बंदूक खाली केली. मॅनेजरनी पुढच्या झेंडावंदनाला बाबांचा सत्कार केला, शाल दिली, श्रीफळ दिलं, ‘प्रसंगावधान’ या शब्दावर पाच मिनिटं बोलले. शहाळेवाल्यानं त्याच्या परीनं आभार मानले. बाबांचा सोमवारचा उपास असतो, म्हणून तो दर सोमवारी एक शहाळं फोडून, मलई खरवडून बाबांना दरवाज्यावर आणून देतो. पैसे घेत नाही.

ही गोष्ट आमच्याकडे प्रत्येक पाहुण्याला सांगितली जायची. सांगायची आई. शेवटचं वाक्य तेवढं ती बाबांवर सोडायची आणि बाबा मान खाली घालून म्हणायचे, “वळकला मी त्याला.” मला बापाचा फार अभिमान वाटायचा. हातात बंदूक असून ती न चालवणं किती अवघड असतं, हे क्लबात शिकलेल्या मला कळत होतं.

यंदा श्रावणात बँकेच्या मुख्य कार्यालयातून पत्र आलं. सर्व बंदूकधारी रखवालदारांनी फायरिंग रेंजवर येऊन आपल्या बंदुकीतून पाच फैरी झाडून दाखवाव्यात. काडतुसं ड्युटीवर वापरतो तीच आणावीत. ज्याची बंदूक चालणार नाही त्याचं काम त्या दिवसापासून थांबेल. बाबांच्या निवृत्तीला चौदा महिने होते. सत्तावीस वर्षं उभं राहून शेवटी बंदूक चालत नाही म्हणून घरी पाठवलेला माणूस, असं काही ऐकून घेणं त्यांना जमलं नसतं. आजोबांच्या बंदुकीला कुणी नापास करणं तर त्याहून नाही.

मी लगेच बाळकुमला गेले. “निदान आता तरी चांगली काडतुसं घ्या. हात जोडते.”

“पत्रात काय लिवलंय? ड्युटीचीच आणा. मग?”

“आज घेतली की उद्यापासून ती ड्युटीचीच ना?”

बाबांना असल्या पळवाटा आवडत नाहीत. “आट हायत पट्ट्यात. पाचच तर पायजेत,” म्हणाले. नळ्यांतली दोन त्यांनी मोजलीच नाहीत, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही.

रेंज कल्याणच्या पुढे, डोंगराच्या पोटाशी. मी शाळेत रजा टाकून बरोबर गेले. बाबांनी गणवेशाला कडक इस्त्री केलेली, बुटांना पॉलिश. रेंजवर त्यांनी सगळ्यात आधी नळ्यांतली ती दोन काडतुसं काढून रुमालात बांधून खिशात टाकली. पाहणी घेणारे एक उस्ताद होते, पोलिसातून निवृत्त झालेले, बोलायला हळू आणि बघायला तिखट. आमच्याआधी कल्याण शाखेचा रखवालदार होता, साताऱ्याकडचा माजी सैनिक. त्याची बंदूक नवी. त्यानं पाच फैरी अशा झाडल्या जसं कुणी घरोघर पेपर टाकत चाललंय.

मग बाबा. पाय रोवून उभे राहिले, दस्ता खांद्याला लावला, उजवा चाप ओढला. खट्.

“तसंच धरा. नळी समोर,” उस्ताद म्हणाले. अर्धं मिनिट गेलं. मी प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसून आकडे मोजत होते.

डावा चाप. खट्.

पुढची दोन भरली. खट्, आणि मग एक दणदणीत बार, इतका अनपेक्षित की बाबाच दचकले. पाचवं काडतूस. खट्.

बाबांनी बंदूक खाली केली. “काडतुसं स्वस्तातली हायत, साहेब,” ते म्हणाले. माझ्या बापानं, ज्यानं इतकी वर्षं त्या काडतुसांची बाजू घेऊन माझ्याशी वाद घातला, त्यानं ती एका परक्या माणसासमोर एका वाक्यात टाकून दिली.

मी उठलेच. खरं तर गप्प बसायला हवं होतं, पण ते मला कधी जमलेलं नाही. “सर, मी कधीची सांगतेय यांना. हा सगळा काडतुसांचा दोष आहे. बंदूक उत्तम आहे. यांना नवीन काडतुसं आणायची परवानगी द्या, एकही फुकट जाणार नाही.” वर मी शूटर असल्याचंही सांगून टाकलं.

उस्तादांनी माझ्याकडे बघितलं. “मॅडम, तुमी काय शिकवता?”

“विज्ञान.”

“बरं,” म्हणाले, आणि न उडालेली चारही काडतुसं उचलून डोळ्यांजवळ नेली. मग ती त्या माजी सैनिकाला दिली. “तुमच्या बंदुकीत घाला.”

त्यानं घातली. चार चाप, चार बार. समोरच्या मातीच्या ढिगातून चार वेळा धूळ उडाली.

एका वेळी एकच गोष्ट बदलून बघा, म्हणजे दोष कशात आहे ते कळतं. हे वाक्य मी दरवर्षी जूनमध्ये फळ्यावर लिहिते आणि मुलांकडून तीनदा म्हणवून घेते. जिल्ह्याच्या स्पर्धेनंतर माझ्या डोळ्यांसमोर हाच प्रयोग झाला होता, तेव्हाही मी डब्यालाच शिव्या घातल्या होत्या. मी निमूट खुर्चीत बसले.

“काडतुसं झकास आहेत, काका,” उस्ताद म्हणाले. “ठोका कमी पडतोय. बंदूक दाखवून घ्या. आठ दिवस देतो.”

मी बाबांकडे पाहिलं. मला वाटलं, आजोबांच्या बंदुकीला नाव ठेवलं म्हणून ते दुखावले असतील. पण ते उस्तादांकडे बघत नव्हते, बंदुकीकडेही नाही. खिशातला रुमाल हातानं चाचपत होते.

ठाण्यात बंदुका दुरुस्त करणारे एक म्हातारे गृहस्थ आहेत. जुन्या गल्लीतलं अरुंद दुकान, डोळ्याला घड्याळजीचं भिंग. बाबांनी बंदूक त्यांच्या हातात द्यायला पाच मिनिटं लावली. आजोबांनंतर पहिल्यांदाच परका पेचकस तिला लागणार होता. म्हाताऱ्यांनी कुलूप उघडलं, आत बघितलं, भिंग काढलं, पुसलं, परत लावलं.

“ही बंदूक आहे की देव्हारा?”

त्या दोन छिद्रांतून पुढे येणाऱ्या ज्या खिळ्यांनी काडतुसाच्या बुडावर ठोका बसायचा, ते दोन खिळे तांबूस, चिकट, मेणासारख्या घट्ट थरात रुतलेले होते. त्यांनी चिमट्यानं तो थर खरवडून कागदावर काढला. वर्षानुवर्षांचं आटलेलं खोबरेल, त्यात कालवलेली हळद, कुंकू. शेवटी चिमट्याच्या टोकावर एक तांदळाचा दाणा आला. अख्खा, पिवळा.

“कोण करतं पूजा?”

“माजी पोर,” बाबा म्हणाले. त्या स्थितीतही त्यांच्या आवाजात कौतुक होतं. “सात वर्सांची होती तवापासून.”

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. म्हातारे हसत सुटले. म्हणाले, नळ्या आरशासारख्या ठेवल्यात आणि आत नैवेद्य. पुढे कुंकू लावायचं तर लाकडी दस्त्याला लावा आणि तेलाची बाटली डोक्याला वापरा. मीही हसले, हसण्यावारी न्यायला दुसरं काय करणार? पण घरी डोंबिवलीला येऊन न्हाणीघरात दार लावून रडले. माझा बाप सत्तावीस वर्षं बँकेच्या दारात उभा होता, आणि त्यातली कितीतरी वर्षं त्याच्या हातात नुसतं लोखंडी दांडकं होतं. खरंच कुणी शिरला असता तर? मी रोज मुलांना घर्षण शिकवत होते आणि दर दसऱ्याला बापाच्या जिवाशी खेळत होते.

आठव्या दिवशी पुन्हा रेंज. पट्ट्यात तीनच काडतुसं उरली होती. बाबा दुकानात जाऊन नवी घेतील असं मी धरून चालले होते, त्यांनी घेतली नाहीत. तीन झाडली. तिन्ही उडाली. मग खिशातून रुमाल काढला. ती दोन काडतुसं हातात घेऊन ते इतका वेळ उभे राहिले की उस्ताद म्हणाले, “काका, भरा.” त्यांनी भरली. उजवी नळी, बार. डावी नळी, बार.

उस्तादांनी हात मिळवला, कागदावर सही केली. मी टाळ्या वाजवल्या. बाबांनी रिकामी पुंगळी उचलली, दुसरी उचलली, दोन्ही हातात धरून बघत राहिले आणि बाकड्यावर बसले. त्यांना घाम फुटला होता. मी पाणी दिलं. वय झालं, ऊन आहे, असं काहीतरी मी स्वतःला समजावलं.

नोकरी वाचली, पण माणूस बिघडला. आईचे फोन यायला लागले. नवीन दहा काडतुसं आणलीत, म्हणाली, तीच स्वस्तातली, पण नळ्यांत भरायच्या आधी ती हातात घेऊन बघत बसतात. जेवण कमी झालंय. रात्री झोपेत मान हलवतात. मी म्हटलं, डॉक्टरला दाखव. आई म्हणाली, डॉक्टर काय सांगणार, तूच ये.

शाळेला सुट्टी होती त्या सोमवारी मी नौपाड्याला बँकेत गेले. दुपारी शहाळेवाला नेहमीसारखा शहाळं घेऊन आला, चमच्यानं खरवडलेली मलई वर ठेवलेली. बाबांनी घेतलं नाही. “आज नको. पोट बरं नाय.” तो ठेवून गेला. जाताना मला म्हणाला, “ताई, तीन सोमवार झाले, साहेब घेत नाहीत. माझं काय चुकलं का?”

बँक बंद झाल्यावर आम्ही बाजूच्या पायरीवर बसलो. शहाळं मध्ये. मी फैलावर घ्यायच्या तयारीनंच आले होते. “बाबा, काय चाललंय? बंदूक नीट झाली, तुम्ही पास झालात. आता हा बिचारा काय म्हणतोय ते बघा.”

बाबांनी शहाळं जरा बाजूला सरकवलं. मग म्हणाले, “मी चाप वढलेला.”

“कधी? रेंजवर?”

“त्या दिवशी. हा कोयता घेऊन आत आला तवा. नाय वळकला मी त्याला. काय बी नाय दिसलं, कोयता दिसला. उजवा वढला. खट् झालं. मग डावा बी वढला.” ते माझ्याकडे न बघता बोलत होते. “मग वळकला.”

“कुणी ऐकलं नाही?”

“बायका किती वरडत होत्या. आनि तो कॅशियर टेबलाखाली शिरलेला.”

शाल, श्रीफळ, प्रसंगावधान. नऊ वर्षं दर सोमवारी एक शहाळं.

“मना वाटलं, काडतुसं स्वस्तातली, म्हणून नाय उडली. तू बी तेच सांगायचीस. मंग मी ती दोन तशीच ठेवली. ती नळ्यांत असली की मना बरं वाटायचं. परत कोन असा आलाच, तर आधी हे दोन खट् खट् होनार. मग पट्ट्यातली काढायची, भरायची. तेवड्या टायमात मानूस डोलं उघडून बगतो, समोर कोन हाय.” त्यांनी शहाळ्यावरची मलई चमच्यानं इकडची तिकडे केली. “आनि त्या दिवशी रेंजवर ती दोन्ही उडाली गो. दोन्ही.”

रस्त्यापलीकडे शहाळेवाला गाडीवर पाणी शिंपडत होता. पन्नाशीचा, पोट सुटलेला, जरा लंगडणारा माणूस. आमच्याकडे बघून त्यानं हात केला. मीही केला. मी स्वस्त काडतुसांना नावं ठेवत होते, बाबा त्यांच्याच भरवशावर डोळे मिटत होते, आणि ती बिचारी पहिल्यापासून शाबूत होती. त्या माणसाच्या आणि त्या छऱ्यांच्या मध्ये फक्त एका पोरीनं लावलेलं कुंकू होतं. महिनाभरापूर्वी मी ज्या गोष्टीसाठी रडले होते तिच्यासाठी आता देवाचे आभार मानत होते, आणि मी देव फारसा मानतही नाही.

“खा ते,” मी बाबांना म्हटलं. “तो बघतोय.”

बाबांनी खाल्लं.

दसरा पंधरा दिवसांनी आला. मी सकाळीच बाळकुमला पोचले. पाट मांडलेला, लाल कापड, हार. नारळ शहाळेवाल्यानं बाबांबरोबर पाठवलेला, पूजेला म्हणून. बंदूक मधून मोडून ठेवलेली, दोन्ही छिद्रं स्वच्छ, आरपार काळी. मी शहाणपणानं दस्त्याच्या लाकडावर एक कुंकवाचा टिळा लावला, एक फूल ठेवलं आणि उठायला लागले.

“झाली?” बाबांनी विचारलं.

“झाली. आत काही लावायचं नाही, सांगितलंय ना त्यांनी.”

बाबा उठून आत गेले. आई स्वयंपाकघरात पुरणाशी झटत होती, तिला पत्ता नव्हता. ते खोबरेलाची बाटली घेऊन आले आणि माझ्या हातात दिली. बाटली नवी होती, मोठी, झाकण अजून न उघडलेलं.

“बाबा, अजून वर्षभर ड्युटी आहे तुमची.”

“म्हणून तर,” ते म्हणाले. “घाल. हात आखडू नको.”

मी क्लबात नव्या मुलांना शस्त्राची निगा शिकवते. मी पुन्हा पाटावर बसले, दोन्ही डोळ्यांवर हळद लावली, कुंकू लावलं, चिमूटभर अक्षता दाबून बसवल्या आणि बाटलीचं झाकण उघडलं.